मी भुंकलो ते खोटे होते

मित्रांनो, मी एक जुना पोलिसी कुत्रा आहे. कुत्रा म्हातारा होतो, त्याला जुना म्हणत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण आमची नोंद सामानाच्या यादीत होत असे. टेबले, खुर्च्या, बादल्या आणि त्यांच्या खाली आम्ही. म्हणून मी जुनाच. वय अकरा वर्षे. तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले आहेत, सकाळी उठताना मागचा उजवा पाय कुरकुर करतो, आणि डाव्या कानाने जरा कमी ऐकू येते. नाक मात्र शाबूत आहे. माझ्या कागदावर ‘नाक निकामी’ असा शेरा आहे. तो शेरा खोटा आहे, आणि तो कसा पडला हेच मी तुम्हाला सांगणार आहे.

श्वानपथकाच्या मागच्या अंगाला एका पत्र्याच्या छपराखाली माझा जन्म झाला. आम्ही सहा भावंडे. डोळे उघडायच्या आधीच मला जग कळू लागले होते, कारण आमचे जग नाकातून आत येते. आईच्या दुधाचा वास, फिनेलचा वास, ओल्या गोणपाटाचा वास. दोन महिन्यांचा झालो तेव्हा एक हवालदार आम्हाला पाहायला आला. त्याने आपली टोपी आम्हाला हुंगवली आणि शेजारच्या खोलीत गवताखाली लपवून ठेवली. मग सगळ्यांना एकदम सोडले. वाटेत पावाचे तुकडे टाकलेले होते. माझी पाचही भावंडे पावावर तुटून पडली. मी सरळ जाऊन टोपीवर बसलो.

हवालदार पोट धरून हसला. "हा माझा!" तो म्हणाला. "पठ्ठ्या आहे, पठ्ठ्या!"

तेच माझे नाव पडले. कागदावर मी सात नंबर होतो, पण मला सात नंबर म्हणून हाक मारलेली आठवत नाही.

नऊ महिने त्याने मला शिकवले. उन्हात, चिखलात, गर्दीत. तो अंगाने आडवा होता, आवाज घोगरा, आणि चालताना एकच गाणे बेसूर गुणगुणायचा. रागावला तरी हात कधी उगारला नाही. दमलो की माझ्याशेजारी जमिनीवर फतकल मारून बसायचा आणि माझ्याशी माणसासारखे बोलायचा.

"हे बघ पठ्ठ्या," तो म्हणायचा, "माणसाचे डोळे फसतात, कान फसतात. तुझं नाक फसत नाही. वास आला तर सांग. नाही आला तर गप बस. उगाच मला बरं वाटावं म्हणून भुंकायचं नाही, काय?"

मला शब्द सगळे कळत नव्हते. पण हे त्याने इतक्या वेळा आणि इतक्या मायेने सांगितले, की ते माझ्या हाडात मुरले.

आमच्या श्वानपथकात एक बाई कामाला होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. आमचे गाळे धुणे, आमचे खाणे शिजवणे आणि फाटक सांभाळणे हे त्यांचे काम. जिभेने तिखट, हाताने मऊ. मोठमोठ्या साहेबांनाही त्या फाटकात थांबवून विचारायच्या, "कुत्रा कुठं नेताय? वेळ सांगा, मला लिहायची असते."

माझे पहिले काम होते एका हरवलेल्या मुलीला शोधण्याचे. चार वर्षांची पोर. तिच्या फ्रॉकचा वास मला दिला आणि मी निघालो. बाजार, मग मोकळे मैदान, मग एका अर्धवट इमारतीपाशी पडलेले सिमेंटचे मोठे पाइप. तिसऱ्या पाइपात ती झोपलेली सापडली. तिचा बाप माझ्या पुढच्या पायांना धरून रडला. माझा हवालदारही रडला, पण त्याने नाक शिंकरून ते लपवले.

आणखी एक काम तो सगळ्यांना रंगवून सांगायचा. एका दुकानात चोरी झाली होती आणि मालकासकट सगळा गाव नोकराकडे बोट दाखवत होता.  मी त्याला हुंगले आणि पुढे गेलो. गेलो तो थेट मालकाच्या पुतण्यापाशी. पुतण्याच्या बुटाला चोराने फोडलेल्या कपाटामागची धूळ होती. "पठ्ठ्यानं त्या दिवशी एका निर्दोष माणसाला वाचवलं," हवालदार सांगायचा, आणि सांगताना त्याचा हात माझ्या मानेवर असायचा. मला पदक मिळाले. वर्तमानपत्रात फोटो आला. त्याने तो कापून आपल्या घरी भिंतीवर लावला.

मग आम्हाला शाळाशाळांतून बोलावणी येऊ लागली. मुलांनी रांगेत उभे राहायचे, एकाने मुख्याध्यापकांचा रुमाल खिशात लपवायचा आणि मी तो शोधायचा. एका शाळेत मुलांनी वात्रटपणा केला. रुमाल हातोहात फिरवला. सगळ्यांच्याच हाताला तो वास लागला आणि मी गोंधळलो. मुले खो खो हसली. हवालदाराचा चेहरा उतरला. त्यानंतर त्याने मला एक खूण शिकवली. माझी दोरी धरलेल्या हाताची करंगळी त्याने दोरीवर दोनदा दाबली की मी समोरच्यावर भुंकायचे. रुमाल कुणाकडे आहे हे तो आधीच मुख्याध्यापकांना विचारून घ्यायचा. मी भुंकायचो, टाळ्यांचा कडकडाट व्हायचा आणि मला बिस्किट मिळायचे. मित्रांनो, खरे सांगतो, तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. मुलांचा खेळ होता. कुणाचे काही बिघडत नव्हते.

पुढच्या वर्षी हवालदाराच्या गणवेशाला एक नवा वास येऊ लागला. इस्पितळाचा. त्याच्या बायकोची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा तिला यंत्राला जोडावे लागे, आणि ते यंत्र फक्त आमच्या शहरात होते. त्याचे गाणे थांबले. तो माझ्याशेजारी बसायचा, पण बोलायचा नाही. मी आपला त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून पडून राहायचो.

आणि मग ती आग लागली.

शहराच्या टोकाला गाद्यांचा कारखाना होता. एका पहाटे त्याचे गोदाम पेटले. आत म्हातारा पहारेकरी होता. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होते, त्यामुळे त्याला निघता आले नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. जळक्या फोमचा वास घशात बसत होता. पहारेकऱ्याची बायको रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली होती, मांडीवर त्याचा डबा घेऊन. तो तिने सकाळी त्याला द्यायला आणला होता.

मागच्या भिंतीपाशी एक हातमोजा सापडला. त्याला बाहेरून रॉकेलचा वास होता. पण आतून माणसाचा वास होता: घाम, आणि सांधे दुखतात तेव्हा चोळायचे ते झणझणीत मलम. मी एकदाच हुंगले आणि निघालो. भिंतीच्या कडेने, गटाराच्या बोळातून, एका शिंप्याच्या दुकानासमोरून, मग चढ चढून एका मोठ्या घराच्या फाटकापाशी. तिथे मी थांबलो आणि भुंकलो. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत खणखणीत भुंकणे होते. संशयाला जागाच नव्हती.

आमच्या मागून तपासाचे साहेब जीपमधून आले. त्यांनी फाटकाकडे पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे कुठं आणलंत?"

"वास इथं येऊन थांबतो साहेब. हातमोजेवाला या फाटकातून आत गेलाय."

"घर कुणाचं आहे, माहितीये का?"

"हो साहेब. कारखान्याच्या मालकाच्या मेव्हण्याचं."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "ऊन किती चढलंय बघा. कुत्रं भरकटलं."

"पठ्ठ्या भरकटत नाही साहेब," माझा हवालदार म्हणाला.

मित्रांनो, त्या वेळी माझा ऊर भरून आला होता. माझा माणूस माझ्या बाजूने उभा होता.

परत येताना मी जीपमध्ये मागे बसलो होतो. पुढे ते दोघेच होते. साहेब सावकाश, आवाज न चढवता बोलत होते. गोदामात एक हमाल कामाला होता. मागच्या दाराला बाहेरून कुलूप घालू नका, कधीतरी कुणाचा जीव जाईल, असे तो मालकाला सारखे सांगत होता. एक दिवस सगळ्यांदेखत भांडला, म्हणून मालकाने त्याला आठवड्यापूर्वीच कामावरून काढले होते. "राग होताच त्याचा," साहेब म्हणाले. "वरून सारखे फोन येतायत. उद्या ओळखपरेड घेऊ. रांगेत चौथा तो असेल. तुमच्या कुत्र्याला समजावा."

"साहेब, कुत्र्याला असं समजावता येत नाही."

"शाळेत तर येतं." साहेब हसले. "माझी मुलगी होती त्या कार्यक्रमाला. घरी येऊन म्हणाली, बाबा, त्या काकांची करंगळी हलली की कुत्रा भुंकतो. पोरांच्या डोळ्यांतून काही सुटत नाही हो."

हवालदाराने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सीमेवरच्या ठाण्याला माणूस हवाय," साहेब पुढे म्हणाले. "तिथून इस्पितळ म्हणे दिवसभराच्या वाटेवर आहे. तुमचं नाव मी अजून तरी सुचवलेलं नाही."

मागे बसून मला हवालदाराची फक्त मान दिसत होती. पण त्याच्या घामाचा वास बदललेला मला कळला. भिणाऱ्या माणसाचा वास आम्हाला लांबूनही ओळखता येतो. मला वाटले, तो आत्ता काहीतरी बोलेल. श्वानपथकाचे फाटक आले तरी तो बोलला नाही.

त्या दुपारी मावशींनी माझे पाय धुतले. बादलीतले पाणी काळेकुट्ट झाले. "कुठं कुठं फिरवून आणलं रे तुला?" त्या म्हणाल्या. हवालदार शेजारीच उभा होता. नेहमी तो मावशींना सगळी हकिगत सांगायचा. त्या दिवशी तो निमूटपणे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांच्या मैदानात सात माणसे एका ओळीत उभी केली. मला हातमोजा दिला. मी नीट हुंगला आणि रांगेला लागलो. पहिल्याच्या अंगाला दाढीच्या साबणाचा वास होता. दुसरा घाबरलेला होता, पण वेगळ्याच कशाला तरी. तिसऱ्याला सर्दी झालेली होती. चौथा उंच, वाळका, हाताला घट्टे पडलेले. सुतळीचा आणि जुन्या घामाचा वास. मलमाचा मागमूस नाही. त्या हातमोज्यात हा हात कधीच गेला नव्हता. मी पुढे पाऊल टाकले.

दोरी ताणली गेली. करंगळी दोनदा दाबली गेली.

मी थांबलो. मला वाटले, चुकून झाले. मी वळून हवालदाराकडे पाहिले. तो माझ्याकडे पाहत नव्हता. त्याची नजर मैदानापलीकडच्या झाडावर होती. मी पुन्हा पुढे सरकलो.

पुन्हा करंगळी. या वेळी जोरात.

नऊ महिने तो मला म्हणत आला होता, मला बरे वाटावे म्हणून भुंकायचे नाही. पण मित्रांनो, मी कुत्रा आहे. माझ्या माणसाने सांगितले आणि मी ऐकले नाही, असे माझ्या जन्मात तोवर झाले नव्हते. त्याच्या सांगण्यात काही खोट असेल, हे माझ्या कल्पनेतही बसत नव्हते.

मी भुंकलो.

तो हमाल एक पाऊल मागे सरला. मग माझ्याकडे वाकून, अगदी कळवळून म्हणाला, "अरे, तू तरी खरं बोल की रे!"

दोघा शिपायांनी त्याचे दंड धरले. हवालदाराने खिशातून बिस्किट काढून माझ्यापुढे धरले.  मी ते तोंडात घेतले नाही. ते मातीत पडले आणि तिथेच राहिले.

दीड वर्षाने खटला उभा राहिला. न्यायाधीशांना कुत्रा पाहायचा होता, म्हणून मलाही नेले. त्यांनी मला पाहिले, मान हलवली आणि मला बाहेर व्हरांड्यात दाराशी बांधले. दार उघडे होते. आतले सगळे ऐकू येत होते.

हमालाच्या बाजूने एक तरुण वकीलबाई होत्या. माझा हवालदार साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि खरे सांगण्याची शपथ त्याने मोठ्याने घेतली.

"तुमचा कुत्रा कधी चुकलाय?" वकीलबाईंनी विचारले.

"नाही. एकदाही नाही."

"मग आग लागली त्याच दिवशी त्याला तिथं का नेलं नाही? माग तर तेव्हा ताजा होता."

हवालदाराच्या बुटांची चुळबुळ ऐकू आली.

"कुत्रा आजारी होता," हवालदार म्हणाला. "त्या दिवशी गाळ्यातच होता. बाहेर काढलाच नाही."

मी ताडकन उभा राहिलो. पिंजऱ्यातून त्याला मी दिसत होतो. एक क्षण आमची नजरानजर झाली. मग त्याने टोपी सारखी करण्याच्या निमित्ताने मान खाली घातली. भुंकायचे काम तरी त्याने माझ्याकडून करून घेतले होते. हे मात्र तो स्वतःच्या तोंडाने बोलत होता. मी ज्या दिवशी खरे सांगितले, तो दिवसच त्याने पुसून टाकला.

हमालाला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याची बहीण व्हरांड्यात आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिले. शिवी दिली असती तरी चालले असते. पण ती नुसती पाहत राहिली.

त्यानंतर माझे काम बिघडले. एका चोरीच्या तपासात पुन्हा रांग लागली, पुन्हा तेच साहेब. करंगळी दाबली गेली आणि मी खाली बसलो. पुन्हा दाबली, मी आडवा झालो. शिपाई हसू लागले. पण खरे दुखणे पुढेच होते. जिथे वास खरोखर सापडायचा, तिथेही माझा आवाज फुटेना. यातले भुंकणे माझे कोणते आणि त्याच्या करंगळीचे कोणते, हे मलाच कळेनासे झाले होते. मग मी भुंकणेच सोडून दिले.

डॉक्टरांनी तपासले. त्यांना काही आजार सापडेना. तेव्हा हवालदाराला विचारले. तो म्हणाला, "नाक गेलंय त्याचं." आणि ‘नाक निकामी’ लिहिलेल्या त्या कागदावर त्याने सही केली. सगळ्या जगात एकट्या त्यालाच ठाऊक होते की माझे नाक धडधाकट आहे.

आमच्याकडे असा रिवाज होता की कुत्रा निवृत्त झाला की त्याचा हवालदार त्याला घरी नेतो. हवालदाराच्या बायकोने तर दाराशी माझ्यासाठी जुनी सतरंजीही घालून ठेवली होती, असे मावशी सांगत. मी शेवटच्या दिवशी फाटकाशी बसून राहिलो. सगळे माझा निरोप घेत होते तेव्हा तो आला. माझा पट्टा काढून त्याने सामानात जमा केला. "घरी जागा नाही," तो लिपिकाला म्हणाला, आणि गेला. वळून पाहील, म्हणून मी रस्त्याकडे कितीतरी वेळ पाहत होतो.

संध्याकाळी मावशी कामावरून निघाल्या. "चल रे," त्या म्हणाल्या. "दोन खोल्या आहेत. एकीत मी, एकीत भांडी. भांड्यांना काही तुझी अडचण व्हायची नाही."

तेव्हापासून मी त्यांच्याकडे आहे.

तिथे दोन वर्षे गेली. एका दुपारी त्या वकीलबाई मावशींचे घर शोधत आल्या. वरच्या कोर्टात अपील लागले होते. त्यांनी पाणी पिऊन होताच विचारले, "मावशी, आगीच्या दिवशी सात नंबर आजारी होता?"

"आजारी?" मावशी म्हणाल्या. "अहो, त्या दिवशी तर हा जळक्या राखेत लोळल्यासारखा परत आला. मी पाय धुतलेत याचे. तीन बादल्या काळं पाणी निघालं."

वकीलबाई पुढे सरकून बसल्या. "कुठं नोंद असेल?"

"असणार की. फाटकाची वही मीच लिहायची. कुत्रा किती वाजता गेला, किती वाजता आला. माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, पण वेळ चुकायची नाही. जुन्या वह्या तिथंच माळ्यावर आहेत. उंदरांनी ठेवल्या असल्या तर."

मावशींना साक्षीचे बोलावणे आले, आणि चौथ्या दिवशी हवालदार आमच्या दारात उभा राहिला. तो गल्लीच्या तोंडाशी होता तेव्हाच मला त्याचा वास आला. माझी शेपटी हलू लागली. मला न विचारता हलली, मित्रांनो. मी ती दाबून तिच्यावर बसलो.

तो खंगला होता. मावशींनी त्याला बसायला सांगितले, पण तो उभाच राहिला.

"मावशी, तारीख लिहिताना चूक झाली असेल म्हणा. एवढंच म्हणा. तुमच्या नोकरीची अजून तीन वर्षं आहेत. कशाला मोठ्यांच्या भांडणात पडता?"

"मोठ्यांच्या?" मावशी म्हणाल्या. "तुरुंगात आहे तो हमाल आहे हो."

"मी काय हौसेनं केलं का?" त्याचा घोगरा आवाज फाटला. "बदली झाली असती तर ती महिनाभरात गेली असती. आज ती जिवंत आहे. त्या एका भुंकण्यावर ती इतकी वर्षं जगलीय."

"जगू दे. शंभर वर्षं जगू दे, माझंच आयुष्य लागू दे तिला." मावशी हळू आवाजात बोलत होत्या; इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते. "पण तुम्ही तिला सांगितलंत का, कुणाच्या जिवावर?"

  तो उंबऱ्यातच खाली बसला आणि त्याने माझ्यापुढे हात केला. "पठ्ठ्या," तो म्हणाला.

मी हात हुंगला. तोच तो हात. तंबाखू, इस्पितळाचे औषध, आणि खाली खोल कुठेतरी ती जुनी टोपी. सगळे आयुष्य मी या हातामागे चाललो होतो. मी तो चाटला नाही. मान वळवून भांड्यांच्या खोलीत जाऊन पडलो. त्याची पावले गल्लीतून जाताना मला ऐकू आली, आणि कुत्र्याला रडता येत नाही हे त्या दिवशी बरेच झाले.

मावशी कोर्टात गेल्या. वही सापडली होती. उंदरांनी कोपरा खाल्ला होता, पण ते पान शाबूत होते: सात नंबर, बाहेर सकाळी नऊ, आत दुपारी दीड. हवालदाराला पुन्हा पिंजऱ्यात उभे केले. त्या दिवशी कुत्रा कुठे नेला होता, असे विचारले. मावशींनी घरी येऊन मला सांगितले, "तुझा हवालदार म्हणाला, आठवत नाही."

आठवत नाही. चढावरचे ते फाटक, माझे ते खणखणीत भुंकणे, ‘पठ्ठ्या भरकटत नाही साहेब’ हे त्याचेच वाक्य. काही आठवत नाही.

खोटी साक्ष उघड झाली आणि हमाल सुटला. चार वर्षे आणि दोन महिन्यांनी. हवालदाराला घरी बसवले. साहेबांना तोवर बढती मिळाली होती. मेव्हण्याच्या फाटकापर्यंत पुन्हा कुणीच गेले नाही, कारण माग तिथे संपला होता हे जाणणारी माणसे दोनच, आणि दोन्ही गप्प. मावशींची बदली कोठारात झाली. "बरं झालं," त्या म्हणतात. "तिथली पोती चावत नाहीत आणि साहेबही फिरकत नाहीत."

गेल्या महिन्यात हमाल आणि त्याची बहीण मावशींचे आभार मानायला आली. तो आणखी वाळला होता. सुतळीचा वास गेला होता. त्याच्या जागी आता थंड फरशीचा आणि गंजाचा वास होता. मी दाराशी पडलो होतो. त्याला ओळखून मी उठलो. माझ्या मनात फक्त त्याच्या पायापाशी जायचे होते. तो दचकला आणि बहिणीच्या मागे सरला.

"बांधा हो त्याला," तो म्हणाला.

"अरे, म्हातारा झालाय," मावशी म्हणाल्या. "काही करत नाही तो."

"काही करत नाही?" हमाल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "मावशी, माझं जे काही झालं, ते यानंच केलं."

 या घरात मला कधी बांधले नव्हते. मावशींनी कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली, आणि मी आपणहून मान पुढे केली. खिडकीच्या गजाला बांधल्यावर तो आत आला. पाणी प्यायला, चार शब्द बोलला, मावशींच्या पाया पडला. जाताना भिंतीला घासून, माझ्यापासून जितके लांब जाता येईल तितक्या लांबून गेला.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या पोलीस व्हाल, कुणी वकील, कुणी न्यायाधीश, कुणी फाटकाची वही लिहाल. तुमच्या हाती कुणाची तरी दोरी येईल. तिच्या दुसऱ्या टोकाला जो असेल, तो तुमच्यावर विश्वास ठेवून चालत असेल. त्याच्याकडून खोटे बोलवून घेऊ नका. आणि दोरीच्या या टोकाला तुम्ही असाल, तर माझ्यासारखे करू नका. मी दुसऱ्या वेळी खाली बसलो. ते मला पहिल्याच वेळी सुचायला हवे होते.

आणखी एक काम आहे, ते माझ्याच्याने होणारे नाही. तो हमाल तुम्हाला कुठे भेटला, तर त्याच्याजवळ बसा आणि त्याला सांगा, की त्या रांगेच्या आदल्या दिवशी कुत्रा दुसऱ्याच दारात जाऊन भुंकला होता.